अमावास्येचे साडेदहा

क्लासमध्ये नाव घालायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "बाई, प्रोग्रॅमिंग किती दिवसांत येतं?" मी उलट विचारायचे, "पोहणं किती दिवसांत येतं?" हे उत्तर मला स्वतःला फार आवडायचं. एकदा एका बाईंनी शांतपणे सांगितलं, "आमच्या वाडीत शिकवत नाहीत, पाण्यात ढकलतात. त्याच दिवशी येतं." त्यानंतर मी ते उत्तर जरा जपून वापरायला लागले.

रत्नागिरीत एस.टी. स्टँडजवळ, औषधांच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत मी सव्वीस वर्षं कम्प्युटरचा क्लास चालवला. गेल्या मे महिन्यात बंद केला. आता लोक विचारतात, "कंटाळा नाही का येत?" खरं सांगू का, हायसं वाटतं. सकाळी आठला कुणी जिना चढून येत नाही आणि "बाई, काल चाललं होतं, आज चालत नाही" असं म्हणत नाही. काल चाललं होतं हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा कुणी आरतीसुद्धा ऐकली नसेल.

ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्दांत सांगते. प्रोग्रॅम म्हणजे सूचनांची यादी. यंत्राला समज नावाची गोष्ट नसते, आज्ञाधारकपणा मात्र भरपूर असतो. जे सांगाल ते तस्सं करतं, जे सांगायचं राहिलं ते कधीच करत नाही. पहिल्या दिवशी मी कम्प्युटर बंदच ठेवायचे आणि म्हणायचे, "घावन कसं करायचं ते मला सांगा. मी यंत्र आहे." कुणीतरी सांगायचं, "तव्यावर पीठ घाला." मी पिशवीतलं कोरडं पीठ तव्यावर ओतायचे. सगळे ओरडायचे, "अहो बाई, भिजवून!" मी म्हणायचे, "ते सांगितलंत कुठे?" मग कुणी पाणी सांगायचं, कुणी मीठ, आणि गॅस पेटवायचा राहिला हे पाचव्या फेरीत लक्षात यायचं. अर्धा किलो पीठ वाया जायचं, पण धडा जन्मभर टिकायचा.

विद्यार्थी नाना तऱ्हेचे. विद्याताई म्हणून एक गृहिणी होत्या. चूक झाली की पडद्यावर लाल अक्षरं यायची आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. "सासूबाई कमी होत्या म्हणून हा आणखी एक," म्हणायच्या. पंधरा दिवसांनी त्या म्हणाल्या, "नाही हो बाई, हा बरा. हा निदान कितव्या ओळीत चुकलं ते सांगतो." त्या दिवशी मी ओळखलं, यांना येणार. गणपतीपुळ्याचे एक लॉजवाले होते. कुठल्या खोलीत कोण उतरलंय हे दाखवणारा प्रोग्रॅम त्यांना स्वतः लिहायचा होता. तीन महिने नेमाने आले, प्रोग्रॅम लिहिला, चालला, मला पेढे दिले. वर्षभराने तिथे गेले तर काउंटरवर आपली लाल कापडी बांधणीची वही. मी नुसतं पाहिलं. ते म्हणाले, "बाई, वीज गेली तरी वही उघडते."

पण लिहायचं आहे ते इब्राहिमचाचांबद्दल.

चाचा राजिवड्याचे, खाडीकाठच्या मच्छीमार वस्तीतले. मासेमारी बोटीवर तांडेल होते, म्हणजे सुकाणूवर उभं राहून बोट नेणारे आणि आणणारे. बोट घरचीच. चाळीस वर्षं समुद्रावर काढली आणि मग काचबिंदूने एक डोळा गेला, दुसऱ्याला जवळचं मोठं तेवढं दिसे. बोट मुलगा समीर चालवू लागला आणि चाचा धक्क्यावर बसू लागले. एकसष्टाव्या वर्षी ते माझ्या क्लासचा जिना एकेक पायरी चाचपत चढून आले आणि खुर्ची ओढून म्हणाले, "बाई, मना पानी छापायचा हाय."

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. भरती-ओहोटीची वेळ काढायचा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनला. अष्टमीला सहाला. रात्रीची असो की दिवसाची, बारा तासांच्या घड्याळात हीच वेळ. माझं माहेर खेडचं. पाणी म्हणजे जगबुडी नदीचा पूर एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन तीस वर्षं समुद्राकाठी राहिले आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

"पण हे तर मोबाईलमध्ये मिळतं ना चाचा?"

"समीर पन ताच बोलतो," चाचा म्हणाले. "मोबाईलमधला पानी बंदराचा. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळू हाय. भरलेली बोट भरतीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, तेवढ्यातच आत घ्यायची. आधी घुसवली तर बूड टेकतो. बूड टेकला आणि मागून लाट आली तर बोट आडवी. मी दोन बोटी जाताना बघितल्यात." मग ते म्हणाले, "पोरगा आता मना काय विचारीत नाय. सांगायला गेलो तर हू हू करतो. माझ्या तोंडाचा ऐकत नाय, छापलेला ऐकंल."

म्हणजे त्यांना महिन्याचा तक्ता हवा होता, केबिनच्या काचेवर चिकटवायला. मी म्हटलं, तक्ता मी दहा मिनिटांत करून देते. ते चिडले. "मग तो तुमचा पानी झाला. मना माझा पायजे."

असे ते शिकू लागले. मी अक्षरं टपोरी करून दिली. ते एका बोटाने टंकत, प्रत्येक अक्षर तोंडाने म्हणत. व्हेरिएबल म्हणजे यंत्रात आकडा ठेवायची, वर नाव लिहिलेली जागा; हे मी सगळ्यांना डब्याचं उदाहरण देऊन सांगायचे. चाचा म्हणाले, "म्हंजे बोटीतला खण. वर कोळंबी लिवलान आणि आत बांगडा टाकलान, तरी खण काय बोलत नाय." इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. पुढच्या सगळ्या बॅचना मी तेच सांगितलं, श्रेय न देता.

तीन आठवड्यांनी त्यांचा पहिला प्रोग्रॅम चालला. चतुर्थी घातली, बारा वाजले आले. अष्टमी घातली, बारा. एकादशी, बारा. चाचा पडद्याला नाक लावून बघत होते. "बाई, तुमचा समुद्र रोज बारालाच भरतो काय?"

बॅचमधले सगळे हसले, मीही हसले. नव्याने शिकणाऱ्याची ही अगदी नेहमीची चूक. आम्ही शिकवत होतो त्या भाषेत पूर्णांकांचा भागाकार दुसरीतल्या मुलासारखा होतो: तीन भागिले चार, भाग शून्य, बाकी तीन. यंत्र बाकी टाकून देतं आणि शून्य धरतं. मग तिथी कुठलीही असो, शून्यपटच, आणि घड्याळात शून्य म्हणजे बारा. चाचांना मी सांगितलं की आधी तीनने गुणा आणि मग चारने भागा, तेही दशांशात. ते म्हणाले, "ह्याला पाऊण म्हायत नाय? पाऊण म्हायत नाय त्याला शाळेत घेतलान कोणी?" पण दुरुस्ती त्यांनीच केली. चतुर्थीला तीन आले तेव्हा ते उठून जिन्यापाशी गेले, बिडी न पेटवता नुसती हातात धरून उभे राहिले आणि परत आले.

मग तक्ता. त्यासाठी महिन्याच्या तिथी ओळीने आत भरायच्या होत्या. पंचांगातली बारीक अक्षरं चाचांना दिसत नव्हती, म्हणून ते काम मी केलं. मी भाद्रपद भरला. शिवाय शहाणपणा करून एक ओळ मी माझ्या पदरची घातली: उत्तर बाराच्या वर गेलं तर त्यातून बारा वजा करावेत. खरं तर पंधरवड्याच्या हिशोबात ते बाराच्या वर कधी जातच नाही. पण इतक्या वर्षांच्या अनुभवी बाईंना असू दे म्हणून असं काहीतरी घालायची सवय असते. कागद छापला. चाचांना मी प्रतिपदेपासून अष्टमीपर्यंतच्या वेळा वाचून दाखवल्या. सगळ्या बरोबर. "बास," ते म्हणाले, "पुढचा बरोबरच असनार." मीही तेच म्हटलं.

यादी तपासताना पहिलं पाहा आणि शेवटचं पाहा, मधलं एक वेळ राहू दे, हे मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगत आले होते.

समीरने कागद घेतला. चाचा आनंदाने सांगायला आले, "काचेला चिकटवलान! आनखी तीन बोटींनी झेरॉक्स नेलीन." त्या आठवड्यात त्यांची चाल बदलली होती. जिना ते न चाचपता चढले.

सर्वपित्री अमावास्येला सकाळच्या बॅचला चारच जण आले, बाकीच्यांच्या घरी पितरांची पानं होती. भागाकारातली बाकी हा धडा होता. उदाहरण म्हणून मी चाचांच्या तक्त्याची प्रत काढली आणि वाचू लागले. "त्रयोदशी, पावणेदहा. चतुर्दशी, साडेदहा. अमावास्या, साडेदहा."

मी थांबले. पुन्हा वाचलं. सलग दोन दिवस साडेदहा. भरती दोन दिवस एकाच वेळेला येत नाही, एवढं आता मलाही कळत होतं.

चूक मला लगेच दिसली. पंचांगात पौर्णिमेला १५ लिहितात. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा १, २, ३ सुरू होतं ते १४ पर्यंत. पण अमावास्येला १५ लिहीत नाहीत, ३० लिहितात. रीतच आहे तशी. मी पंचांगात पाहून तस्सं ३० टाकलं होतं. तिसाची पाऊणपट साडेबावीस. ती माझी शहाणपणाची ओळ नसती तर कागदावर साडेबावीस वाजले असते आणि शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण माझ्या ओळीने त्यातून बारा वजा केले आणि अगदी सभ्य दिसणारे साडेदहा छापले. खरी वेळ सव्वाअकरा. म्हणजे कागद पाऊण तास आधीची वेळ सांगत होता. कागदाप्रमाणे साडेनऊपासून बोट आत घ्यायला हरकत नव्हती. खरं तर त्या वेळी वाळूवर भरलेल्या बोटीला पुरेल एवढं पाणी नसणार होतं. आणि पावसाळा जेमतेम सरत होता, समुद्र अजून फुगलेला होता.

घड्याळात पावणेनऊ झाले होते. मुलांना घरी पाठवलं. चाचांचा फोन लागेना. मी स्कूटर काढली आणि राजिवड्याला पोचले. चाचा धक्क्यावर बसले होते.

"समीर कुठे आहे?"

"यायला निघालाय. काल सांजचा फोन आलेला, आज बोट भरून येतंय म्हनून."

मी कसंबसं सगळं सांगितलं. ते रागावतील, निदान ओरडतील असं वाटलं. त्यांनी मनात हिशोब केला. "तिसाची साडेबावीस. बारा गेले, साडेधा. मशीन बरोबर हाय बाई. आपून चुकलो." आणि उठून उभे राहिले. "मांडवीला चला. थयनं खाडीचा तोंड दिसतो."

वाटेत त्यांनी समीरला तीनदा फोन लावला, लागला नाही. लुंगी गुडघ्यात आवळून ते मागे बसले होते. मी सारखी बोलत होते. काय बोलत होते ते आता आठवत नाही, माफी मागत असेन.

मांडवीच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा साडेनऊला पाच मिनिटं होती. चाचांनी समुद्राकडे तोंड केलं, पण त्यांना तिकडे फक्त उजेड दिसत होता.

"काय दिसतंय?"

"पाणी," मी म्हटलं.

"पानी असनारच बाई. पांढरा किती?"

मी बघितलं. "बराच फेस आहे. खाडीच्या तोंडाशी, डावीकडे."

"बराच म्हंजे? सगल्या तोंडाला, का मधी वाट हाय?"

"मधे… मधेही आहे."

"म्हंजे वाळू अजून वर हाय. बोटी किती?"

"तीन. नाही, चार. एक हिरव्या पट्ट्याची."

"ती आपली," चाचा म्हणाले. त्यांनी माझा दंड धरला. "चाललीय का उभी हाय?"

मला कळेना. लांबून बोट हलतच असते. कधी पुढे गेल्यासारखी वाटे, कधी मागे. आयुष्यभर मी लोकांना दरडावलं होतं, नीट सांगा, नेमकं सांगा, यंत्राला अंदाज कळत नाही. आज मलाच सांगता येत नव्हतं, आणि ज्यांना सांगायचं होतं त्यांचा मुलगा त्या बोटीवर होता.

"घाई नको," चाचा म्हणाले. आवाज एकदम मऊ केला त्यांनी, मी लाल अक्षरांना घाबरलेल्यांशी बोलायचे तसा. "मी विचारतो तेवढाच सांगा. बोटीचा तोंड कुठं हाय? आपल्याकडं का समुद्राकडं?"

मी डोळे ताणले. केबिन मागच्या अंगाला असते एवढं मला ठाऊक होतं. केबिन आमच्या बाजूला दिसत होती. "समुद्राकडे," मी म्हटलं. "पाठ आपल्याकडे आहे."

"नक्की?"

"नक्की."

"बाकीच्या तिघींचा?"

"त्यांचंही समुद्राकडे."

चाचांनी माझा दंड सोडला. ते तिथेच वाळूत खाली बसले. "नांगरावर हायत," ते म्हणाले. "पानी आत भरतंय, वारा पन आत येतंय. नांगर टाकला की बोट त्याच्याकडं तोंड करून उभी ऱ्हाते. आत शिरनारी बोट आपल्याकडं तोंड करील." मग दोन्ही हातांनी त्यांनी चेहरा पुसला.

मीही बसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सुटले, एवढाच एक शब्द मनात होता.

तिथून आम्ही हललो नाही. दहा वाजले, साडेदहा वाजले, मधे फेस होता तोवर बोटी तशाच. अकराच्या सुमाराला मी सांगितलं की मधला फेस गेला. पाचच मिनिटांनी हिरव्या पट्ट्याच्या बोटीने तोंड वळवलं आणि ती एकाच दमात आत आली. तिच्यामागे बाकीच्या. मी सगळं सांगत होते, चाचा मान डोलवत होते.

धक्क्यावर परतलो तोवर बोट लागत होती. समीर तिशीपुढचा, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. मला तिथे बघून तो चकित झाला. मी त्याला म्हटलं, "कागद चुकला होता. माझ्या हातून."

"म्हायताय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"कागद आनलान त्याच दिवशी बघितला. बाकी सगला बरोबर, अमावास्येचा चुकलेला. बाकीच्या बोटींना वायरलेसवर सांगितला, छापायची चूक हाय, सव्वाअकराच धरा."

चाचा पुढे झाले. "आनि मना का नाय सांगितलास?"

"तुमी कागद फाडून टाकला असतात. म्हनून नाय सांगितला."

"तुला कसा कळला चुकलाय ता? तिथीचा हिशोब तू कधी विचारलास मना? धा वर्सांत एकदा तरी विचारलास?"

समीर दोर हातात घेऊन उभा होता. त्याने बापाकडे पाहिलं, जरा हसला. "लहानपनी सुकाणूवर मांडीत घेऊन रोज तिथीची पाऊनपट म्हनून घ्यायचात, अब्बा. विचारायला आधी विसरायला तर हवा."

चाचांनी हात पुढे केला. समीरने दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तो चाचपून खुंटाला दोन फेरे घालून आवळला, आणि गाठ बांधून झाल्यावरही बराच वेळ तिच्यावर हात ठेवून उभे राहिले.